पीएसएलव्हीचे टप्पे कसे काम करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉकेटचे टप्पे समजून घ्यायला इस्रोच्या पीएसएलव्हीइतकं चांगलं उदाहरण नाही. घन इंधन आणि द्रव इंधन दोन्ही त्यात आहेत आणि चारही टप्प्यांची रचना वेगवेगळी आहे. त्याच्या यशाचे आणि अपयशाचे तपशीलही बऱ्यापैकी उघड आहेत. खालची उत्तरं मुख्यतः त्याच्या 'एक्सएल' (सहा बूस्टर लावलेल्या) प्रकाराबद्दल आहेत: उंची ४४ मीटर, उड्डाणाच्या वेळचं वजन सुमारे ३२० टन.

टप्पे लागतातच कशाला? एकच मोठी टाकी आणि एकच इंजिन का चालत नाही?

पृथ्वीभोवती ५००-६०० किलोमीटर उंचीवर फिरत राहायचं तर सेकंदाला साधारण ७.६ किलोमीटर वेग हवा. वर चढताना गुरुत्वाकर्षण आणि हवेचा विरोध यांत जे वाया जातं ते धरलं, तर रॉकेटला एकूण ९.३ किमी प्रति सेकंदाच्या आसपास वेग कमवावा लागतो. पीएसएलव्हीच्या इंजिनांतून वायू बाहेर पडतो तो निर्वातातही सेकंदाला २.६ ते ३ किलोमीटर वेगानं. रॉकेटचा वेग आणि वजन यांचा मेळ घालणाऱ्या त्सिओल्कोव्हस्कीच्या सूत्रात हे आकडे घातले की उत्तर येतं: निघतानाचं वजन पोचतानाच्या वजनाच्या सुमारे २५ पट हवं. म्हणजे ३२० टनांपैकी जेमतेम १३ टनांत टाक्या, कवच, इंजिनं, संगणक आणि उपग्रह हे सगळं बसवायचं. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं रिकामं कवचच ३० टनांचं आहे. हिशेब तिथंच संपतो.

मग उपाय एकच: जे रिकामं झालं ते टाकून द्यायचं. त्याचा फायदा किती, ते दुसऱ्या टप्प्यावर पाहा. तो पेटतो तेव्हा त्याच्यासह वरचं सगळं मिळून ढोबळमानानं ६३ टन वजन असतं. ४२ टन इंधन जळून २१ टन उरतात. वजन एक तृतीयांश झालं, त्यामुळे वेगात सेकंदाला सुमारे ३.१ किलोमीटरची भर पडते. आता पहिल्या टप्प्याचं ३० टनांचं रिकामं कवच खाली तसंच लटकू द्या. मग ९३ टनांवरून ५१ टनांवर यायचं, आणि तेवढंच इंधन जाळून मिळतात फक्त १.७ किलोमीटर. जवळजवळ निम्मी कमाई रिकामा डबा ओढण्यात गेली.

एवढं करूनही हातात काय पडतं? ३२० टनांच्या रॉकेटमधून ध्रुवीय (ध्रुवांवरून जाणाऱ्या) कक्षेत सुमारे १,७५० किलो.

चार टप्पे कोणते?

पहिला (पीएस-१): १३९ टन घन इंधन, २.८ मीटर व्यास, सुमारे ४,८०० किलोन्यूटनपर्यंत रेटा, म्हणजे जवळपास ४९० टन वजन उचलण्याइतका. त्याच्या अंगाला सहा स्ट्रॅप-ऑन बूस्टर (बाजूला बांधलेली जोडरॉकेटं), प्रत्येकात साधारण १२ टन घन इंधन.

दुसरा (पीएस-२): सुमारे ४२ टन द्रव इंधन आणि एक विकास इंजिन, रेटा सुमारे ८०० किलोन्यूटन.

तिसरा (पीएस-३): साडेसात टनांच्या आसपास घन इंधन, केव्हलर तंतूंचं हलकं कवच, रेटा सुमारे २४० किलोन्यूटन.

चौथा (पीएस-४): अडीच टन द्रव इंधन, दोन लहान इंजिनं, प्रत्येकी जेमतेम ७.३ किलोन्यूटन.

रेटा घटत गेला म्हणून वरचे टप्पे दुबळे समजू नका. वर जाताना ओढायचं वजनही तितकंच घटलेलं असतं.

घन इंधन म्हणजे नेमकं काय? ते आत भरतात कसं?

दिसायला आणि हाताला ते कडक रबरासारखं असतं. अमोनियम परक्लोरेट हा प्राणवायू पुरवणारा घटक, वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश. अॅल्युमिनियमची भुकटी साधारण १८ टक्के. उरलेला भाग एचटीपीबी नावाच्या रबराचा, जो सगळं धरूनही ठेवतो आणि स्वतः जळतोही. हे मिश्रण भाकरीच्या पिठाहून सैल असतानाच कवचात ओततात. ओतताना निर्वात ठेवतात, कारण हवेचा बुडबुडा राहिला तर पुढे तोच घात करतो. मध्ये साचा उभा असतो. मिश्रण गरम ठेवून काही दिवसांत घट्ट झालं की साचा काढून घेतात आणि मधोमध पोकळी तयार होते.

ही पोकळी महत्त्वाची. घन इंधन उदबत्तीसारखं टोकाकडून जळत नाही, पोकळीच्या भिंतीपासून बाहेर कवचाकडे जळत जातं. किती पृष्ठभाग एका वेळी जळतो त्यावर रेटा ठरतो. म्हणून पोकळीचा आकार, उदाहरणार्थ चांदणीसारखा, आधीच ठरवून 'कधी किती जोर' हे इंधनाच्या आकारातच कोरून ठेवलेलं असतं. एकदा पेटल्यावर त्यात बदल करता येत नाही.

बिघाडही याच गोष्टीतून येतात. इंधनाला तडा गेला तर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि कवच फुटू शकतं. इंधन कवचाच्या अस्तरापासून सुटलं तर ज्वाळा वेळेआधी धातूपर्यंत पोचते. त्या कवचाचा पत्रा मॅरेजिंग नावाच्या खास मजबूत पोलादाचा, एका सेंटिमीटरहूनही पातळ, आणि आत ३,००० अंशांच्या वरचं तापमान. म्हणून जोडणीआधी प्रत्येक खंड क्ष-किरणांनी आणि ध्वनिलहरींनी तपासतात.

पहिला टप्पा अखंड नसतो, तो पाच खंडांत बनवून श्रीहरिकोटात एकावर एक चढवतात. सांध्यात रबरी ओ-रिंग असतात. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर यान गमावलं गेलं ते बूस्टरच्या अशाच सांध्यात, थंडीनं ताठरलेली ओ-रिंग वेळेवर बसली नाही म्हणून.

हे पोलादी कवच बनवण्यात इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याचा मोठा वाटा आहे, आणि विकास इंजिनं मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्येही बनतात.

पहिल्या टप्प्याचं इंजिन वळवत नाहीत, मग त्याला दिशा कशी देतात?

पाणी मारून, असं म्हटलं तरी फार चूक नाही. नोझलच्या, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडाच्या, आतल्या बाजूला चार दिशांना झडपा असतात. ज्या बाजूला ढकल हवी तिथली झडप उघडून स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचं पाण्यातलं द्रावण धावत्या वायूत सोडतात. स्वनातीत (आवाजाहून वेगवान) वायूच्या मधे हा अडथळा आला की तिथं आघातलाट उठते, त्या बाजूचा दाब वाढतो आणि सगळं रॉकेट किंचित वळतं. फोटोत पहिल्या टप्प्याला चिकटलेल्या दोन बारीक नळ्या दिसतात, त्या या द्रावणाच्या टाक्या. पुष्कळ जण त्यांना बूस्टर समजतात. बूस्टर नसलेल्या 'कोअर अलोन' प्रकारात त्या स्वच्छ दिसतात.

स्वतःभोवती गिरकी घेणं रोखायला मात्र बाजूला लहान द्रव इंधनी इंजिनं वेगळी लावलेली आहेत. मधोमध असलेलं एकच नोझल गिरकी आवरू शकत नाही.

सहाही बूस्टर एकदम का पेटवत नाहीत?

चार जमिनीवर पेटतात, दोन २५व्या सेकंदाला हवेत. सगळा जोर सुरुवातीलाच लावला तर दाट हवेतच वेग फार वाढेल आणि हवेचा दाब रॉकेटच्या अंगावर झेपणार नाही इतका होईल. जोर पुढे पुरवून वापरला की रचना हलकी ठेवता येते. जमिनीवर पेटलेले चार ७० सेकंदांच्या आसपास सुटतात, उरलेले दोन ९० सेकंदांनंतर.

टप्पा वेगळा होतो तेव्हा नक्की काय घडतं?

पहिला आणि दुसरा यांची फारकत पाहू. वेळ साधारण ११०वा सेकंद.

घन इंधन नेमक्या कुठल्या क्षणी संपेल हे आधी सांगता येत नाही, कारण इंधनाच्या तापमानावर जळण्याची गती थोडी बदलते. म्हणून संगणक घड्याळावर विसंबत नाही. रेटा उतरू लागला की त्वरण घटतं, ते ठरावीक आकड्याखाली आलं की पुढचा क्रम सुरू होतो. आधी दोन टप्प्यांमधल्या जोडकड्यावर गोल बसवलेली स्फोटक पट्टी उडते. ही पट्टी आतून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची असते, त्यामुळे स्फोटाची धार एकाच रेषेत जाते आणि धातू सुरीनं कापल्यासारखा पूर्ण वर्तुळात कापला जातो. खालच्या भागावरचे रेट्रो रॉकेट पेटून रिकाम्या टप्प्याला मागे ओढतात. त्याच वेळी वरच्या भागावरचे छोटे रॉकेट दुसऱ्या टप्प्याला पुढे हलकासा धक्का देतात. आणि सुटल्यापासून सुमारे ०.२ सेकंदात विकास इंजिन पेटतं.

वरच्या धक्क्याचं कारण फार सुंदर आहे. पहिला टप्पा विझला की काही क्षण सगळं रॉकेट भारहीन होतं आणि टाक्यांतलं द्रव तरंगू लागतं. तेव्हाच इंजिन सुरू केलं तर पंपात द्रवाऐवजी वायू शिरेल आणि पंप कोरडा फिरून फुटेल. छोट्या धक्क्यानं द्रव टाकीच्या तळाशी बसतं, मग इंजिन सुरू होतं.

वर तिसऱ्या-चौथ्याच्या जोडात स्फोटक पट्टी नाही. तिथं गोळ्यांनी अडकवलेलं (बॉल-लॉक) कुलूप उघडतं आणि स्प्रिंगा दोघांना दूर सारतात. त्या उंचीवर हवा नाही, वजन कमी आहे आणि वर लगेच उपग्रह आहे, म्हणून जितका हळुवार धक्का तितका बरा.

सुटलेला टप्पा मागून येऊन धडकत नाही का?

धडकू शकतो, हा धोका खरा आहे. ३ ऑगस्ट २००८च्या, स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-१ रॉकेटच्या तिसऱ्या उड्डाणात पहिल्या टप्प्याचं इंजिन बंद झाल्यावर नळ्यांत उरलेल्या इंधनानं क्षणभर रेटा दिला आणि सुटलेला टप्पा दुसऱ्यावर आदळला. वेगळं करण्याआधी काही सेकंद जास्त थांबणं एवढाच त्यावरचा उपाय होता.

पीएसएलव्हीचं पहिलंच उड्डाण, २० सप्टेंबर १९९३चं, याच वळणावर फसलं. दुसरा टप्पा सुटताना रॉकेटला मोठा झोल बसला आणि तो सावरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चूक निघाली. १५ ऑक्टोबर १९९४च्या पुढच्या उड्डाणानं आयआरएस-पी२ उपग्रह कक्षेत पोचवला.

एसएसएलव्ही या इस्रोच्या लहान रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाचं (७ ऑगस्ट २०२२) उदाहरण तर अभ्यासकांनी पाठच करावं. दुसरा टप्पा सुटताना जी थरथर झाली तिनं सहाही त्वरणमापकांचं माप काही काळ टोकाला पोचलं. संगणकानं ते सगळेच बिघडले असं ठरवलं आणि वेगळ्या, आणीबाणीच्या पद्धतीनं उड्डाण पुरं केलं. मापक मुळात धड होते. पण त्या पद्धतीत वेग थोडा कमी पडला आणि ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरची कक्षा मिळाली. ७६ किलोमीटरवर वातावरण आहे, तिथं उपग्रह टिकत नाही. इंजिनांवर जितकं लक्ष दिलं जातं तितकंच या जोडांवर द्यायला हवं, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

नाकाडावरचं कवच हा पाचवा टप्पा का?

नाही, त्यात इंजिन नसतं. पण नियम तोच: काम संपलं की टाका. सुमारे ११५ किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ होते की उपग्रहाला झाकायची गरज उरत नाही. दुसरा टप्पा जळत असतानाच कवच दोन पाकळ्यांत उघडून पडतं. ३१ ऑगस्ट २०१७च्या पीएसएलव्ही-सी३९मध्ये ते सुटलंच नाही. एक टनाहून जास्त फालतू वजन शेवटपर्यंत ओढावं लागलं, वेग अपुरा पडला आणि आयआरएनएसएस-१एच उपग्रह कवचाच्या आतच अडकला.

घन, द्रव, घन, द्रव असा क्रम कशासाठी?

काही भाग गरजेचा, काही इतिहासाचा. जमिनीवरून उठताना प्रचंड जोर लागतो आणि तो घन इंधन स्वस्तात, कमी फिरत्या भागांत देतं. एसएलव्ही-३ या जुन्या रॉकेटपासून इस्रोचा त्यात हात बसलेला होता. दुसऱ्या टप्प्यासाठी फ्रान्सच्या वायकिंग इंजिनावरून शिकून घडवलेलं विकास हाताशी होतं. त्यातलं यूएच-२५ हे इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड एकमेकांना भिडताच पेटतात, ठिणगी लागत नाही. साध्या तापमानाला दोन्ही साठवता येतात. दोन्ही जहाल विषारी आहेत, म्हणून भरणा करणारे तंत्रज्ञ बंदिस्त पोशाखात असतात.

शेवटचा टप्पा द्रव असणं मात्र अपरिहार्य. घन इंधन हवं तेव्हा थांबवता येत नाही आणि उपग्रह सोडताना वेगाची चूक सेकंदाला काही मीटरच खपते. चौथा टप्पा खालच्या तिघांच्या लहानसहान चुका भरून काढतो.

तिसरा विझल्यावर चौथा लगेच का पेटत नाही?

कारण कक्षा गोल करायची तर सर्वोच्च बिंदूजवळ रेटा द्यावा लागतो. तिसरा टप्पा विझला तरी रॉकेट वर चढतच असतं, म्हणून चौथा त्याच्यासह काही काळ तसाच तरंगत जातो. ५ नोव्हेंबर २०१३ला मंगळयान सोडताना ही विश्रांती सुमारे २५ मिनिटांची होती. चौथ्या टप्प्याचं जळणं तेव्हा दक्षिण प्रशांतावर होणार होतं आणि तिथं जमिनीवर केंद्र नाही, म्हणून नालंदा आणि यमुना ही दोन जहाजं अँटेना घेऊन तिकडे उभी केली होती.

चौथा टप्पा कमी पडला तर?

१९९७च्या पीएसएलव्ही-सी१मध्ये तसं झालं. हेलियम वायू गळला, रेटा कमी पडला आणि आयआरएस-१डी ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत गेला. उपग्रहानं स्वतःचं इंधन वापरून कक्षा बरीच सुधारली. तिसरा टप्पा कमी पडला तर मात्र ती तूट चौथ्याच्या आवाक्यात नसते: १८ मे २०२५च्या पीएसएलव्ही-सी६१मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या कवचातला दाब घसरला आणि ईओएस-०९ उपग्रह गमावला.

काम संपल्यावर चौथ्याचं काय होतं?

पूर्वी तो तसाच फिरत राहायचा. आता त्यावर सौरपट्ट्या लावून 'पोएम' नावानं प्रयोगशाळेसारखा वापरतात. डिसेंबर २०२४च्या पीएसएलव्ही-सी६० उड्डाणातल्या पोएमवर चवळीचं बी अंकुरलं. नंतर उरलेलं इंधन वापरून त्याची कक्षा ३५० किलोमीटरपर्यंत उतरवली आणि एप्रिल २०२५मध्ये तो वातावरणात जळून गेला.

क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाचा) टप्पा वेगळा काय?

पीएसएलव्हीत तो नाही, इस्रोच्या जास्त ताकदीच्या जीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ या रॉकेटांमध्ये आहे. उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन. त्यातून वायू सेकंदाला ४ किलोमीटरच्या वर वेगानं निघतो, म्हणून थोड्या वजनात जास्त काम होतं. अडचण सांभाळण्याची. १२ ऑगस्ट २०२१च्या जीएसएलव्ही-एफ१०मध्ये हायड्रोजनच्या टाकीवरची एक झडप गळली, टाकीतला दाब उतरला आणि इंजिन धड पेटलंच नाही.

टाकलेले टप्पे पडतात कुठे?

पहिले तीन समुद्रात. श्रीहरिकोटाहून सरळ दक्षिणेला गेलं तर वाटेत श्रीलंका येते, म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेला जातं आणि मग दक्षिणेकडे वळतं. या वळणात वहनक्षमता खर्च होते, पण दुसरा सुरक्षित रस्ता नाही. उड्डाणाआधी त्या पट्ट्यातली विमानं आणि मच्छीमार नौका यांना सूचना जाते. जुलै २०२३मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर लागलेलं मोठं नळकांडं पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं निघालं.

कक्षेत पोचलेला टप्पा मात्र कुठंही उतरू शकतो. २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात आकाशात जळते तुकडे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं. फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च-३बी रॉकेटचा तो तिसरा टप्पा, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. असं काही सापडलं तर हात लावू नका, भंगारात देऊ नका. टाकीत हायड्रॅझिनसारखं विष किंवा दाबाखालचा वायू राहिलेला असू शकतो. पोलीस पाटलांना किंवा तहसील कचेरीत लगेच कळवा.

उड्डाण थेट पाहताना टप्पे कसे ओळखायचे?

७० आणि ९० सेकंदांच्या सुमारास बूस्टर, ११०च्या आसपास पहिला टप्पा, अडीच मिनिटांच्या पुढे नाकाडावरचं कवच, २६० सेकंदांच्या जवळपास दुसरा. तिसरा जळतो दोन मिनिटांहून कमी, पण सुटतो आठ ते दहा मिनिटांवर. मोहिमेनुसार हे आकडे सरकतात. निवेदकाच्या आवाजापेक्षा पडद्यावरच्या आलेखाकडे लक्ष द्या. त्यात अपेक्षित मार्गाची रेघ आधीच काढलेली असते आणि प्रत्यक्ष मार्गाचा ठिपका तिच्यावरून सरकतो. टप्पा पेटल्यावर ठिपका रेघेखाली उतरू लागला तर बिघाड घोषणेआधी तुम्हाला दिसेल. 'पीएस-४ कट-ऑफ' (चौथा टप्पा बंद) ऐकू आलं की लगेच टाळ्या नकोत. अजून साधारण मिनिटभरानं उपग्रह सुटायचा असतो.